वसतिगृहाचे ऋण

(महाजनांच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. ज्या छताखाली परक्यांच्या मायेने विद्यार्थिदशा सरली, त्या छताचे ऋण ऋषिऋणातच मोडते. ते कसे फेडावे, याचा एक उत्तम वस्तुपाठ साताऱ्यात सापडतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एकाच पंगतीस बसत. श्रम करून शिकणे हा तेथील शिरस्ता होता. कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० साली त्या निवर्तल्या.

याच वसतिगृहाचे एक विद्यार्थी म्हणजे बॅरिस्टर पी. जी. पाटील. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीचा संपन्न मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु ते आपल्या संस्थेच्या सेवेत परतले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी कर्मवीरांचे विस्तृत इंग्रजी चरित्र लिहिले आणि त्यास वटवृक्षाचे नाव दिले. वटवृक्ष हे रयतेचे बोधचिन्ह. ते नाव त्यावरूनच सुचावे, हे स्वाभाविक होय.

यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र त्यांना परत करणे कोणासही शक्य नव्हते. असे ऋण दात्याकडे परत जात नाही. ते पुढच्या विद्यार्थ्याच्या पानात वाढावे लागते. भिंतीवर नावाची फरशी बसविल्याने आठवण राहते, ऋण मात्र तसेच उरते.

आपल्या देवस्थानांनाही हा विचार परका नाही. अग्रशाळा आणि अन्नसंतर्पण यांमागे आल्यागेल्यास आसरा व घास देण्याचीच भावना आहे. कित्येक महाजन कुटुंबांतील मुले परगावी कोणाच्या तरी वसतिगृहात राहून शिकली आणि मोठ्या पदांस चढली. त्यांची कृतज्ञता उत्सवाच्या वर्गणीपाशीच थांबावी काय? अग्रशाळेची एखादी खोली, एखाद्या गरजू मुलाचे वर्षाचे जेवण, हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. आणि तो मुलगा आपल्याच कुळातला असावा, अशी अट साताऱ्याच्या त्या पंगतीने कधी घातली नव्हती, याचेही स्मरण ठेवावे.

देवापुढे लावलेली समई ज्याप्रमाणे कोणा एकासाठी तेवत नाही, त्याप्रमाणे विद्यादानही एका घराण्यापुरते राहू नये. ही सद्बुद्धी श्रीदेव सर्वांस देवो, अशी प्रार्थना.