आपल्या ओढ्याचं नाव

आज आम्ही एका साध्या शब्दावर बोलणार आहोत. शब्द आहे 'ओढा'. रोज तोंडात असतो, म्हणूनच त्याचा वेगळा विचार आपण करत नाही.

ओढा म्हणजे काय? पाऊस पडला की रानातून जी बारीक धार निघते, तो ओघळ. चार ओघळ एकत्र आले की ओहोळ. त्याहून मोठा तो ओढा, आणि ओढे मिळून नदी. कोकणातल्या आपल्या बहिणी पऱ्या किंवा व्हाळ म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात नाला म्हणतात. पाट मात्र वेगळा. पाट माणसानं खणलेला असतो. ओढ्याची वाट पाण्यानं स्वतः काढलेली असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

याच शब्दाचा दुसरा अर्थही आपल्या घरात आहे. 'तिचा ओढा माहेराकडे आहे,' असं आपण म्हणतो. मन जिकडे आपसूक जातं, तिकडे ओढा. पाणीही उताराकडे असंच आपसूक जातं. अडवलं तर थांबतं, साचतं, आणि जोर आला की जुनी वाट शोधतं.

ओढा बारमाही नसला तरी ओढाच असतो. 'ओढा आटला' म्हणतो, 'ओढा संपला' म्हणत नाही. उन्हाळ्यात कोरड्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं हंडा भरणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. वर पाणी दिसत नाही, पण खाली ओल असते.

आता अडचण कुठे येते? शहरात नाला म्हटलं की लोकांना गटारच आठवतं. तीच सवय आता गावाकडे येते आहे. एकदा गटार म्हटलं की त्यात कचरा टाकायला हात कचरत नाही. मग भराव पडतो, बांध सरकतो, कुणी पात्रात नांगर घालतं. पुण्यातला आंबिल ओढा कात्रजच्या डोंगराकडून येऊन मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मोठा पाऊस झाला आणि त्याचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं. भिंती पडल्या, माणसं गेली. ओढ्याची जागा अरुंद झाली, तरी वरून येणारं पाणी काही कमी होत नाही.

आणि ओढा कुणाचा? 'माझ्या शेतातून जातो, म्हणून माझा,' असं म्हणणारे भेटतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि वाहतं पाणी सर्वसाधारणपणे सरकारच्या मालकीचं असतं. मग पात्र बुजवण्याचा हक्क कुणाला कसा असेल?

आपल्या गटानं यात काय करावं? पहिलं, गावातल्या म्हाताऱ्या बायांना ओढ्यांची नावं विचारा. वडाचा ओढा, म्हसोबाचा ओढा, अशी नावं त्यांना पाठ असतात. ती वहीत उतरवा. दुसरं, गावनकाशा बघा. तलाठ्याकडे विचारा, नाहीतर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल मिळवा. वहीतला प्रत्येक ओढा नकाशात कुठे आहे ते शोधा, कोणत्या गटातून जातो ते लिहा. तिसरं, पावसाळ्याआधी काठानं चालत जा. कुठे भराव आहे, कुठे मोरी तुंबली आहे, नोंद करा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे ही वही ठेवा आणि ठराव मांडा. अर्जात नुसतं 'पाणी येतं' असं लिहू नका. 'अमुक नावाचा ओढा, अमुक गट नंबरमधून जाणारा, अमुक ठिकाणी बुजला आहे' असं लिहा. पाणी येतं म्हटलं की ती एका घराची तक्रार वाटते. ओढा बुजला म्हटलं की तो गावाचा प्रश्न होतो.

भांडण करायला आम्ही सांगत नाही. ज्याच्या रानातून ओढा जातो, त्याच्याही विहिरीला त्याचाच पाझर लागतो. हे त्याच्या घरातल्या बाईला आधी सांगा. बोलणं तिथून सोपं होतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच काम करा. आपल्या गावात ओढे किती आणि त्यांची नावं काय, एवढं विचारून ठेवा. पुढच्या बैठकीत वही उघडू.