हाताला कळतं, नाकाला कळत नाही

मी डेंटर. म्हणजे ठोकलेली गाडी सरळ करणारा. कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचं गॅरेज आहे, त्यामुळे मागून ठोकाठोकी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

पोरं विचारतात, "दादा, हे काम शिकायला किती दिवस लागतात?" हातोडी मारायला एक दिवस. कुठं मारायची नाही, हे कळायला चार-पाच वर्षं. नवा पोरगा खड्डा दिसला की मधोमध ठोकतो. पत्रा ताणतो आणि मग दाबला की डब्यासारखा वाजतो. आधी कडेची फुगलेली घडी बसवायची, मागे डॉली धरून, हळूहळू. मधला भाग बराचसा आपोआप वर येतो. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. नजरेला न दिसलेला उंचवटा हाताला लागतो.

पण आज मला बोलायचंय ते रंगाबद्दल.

हल्ली गाडीला टू-के रंग मारतात. रंग वेगळा, हार्डनर वेगळा, मारायच्या आधी मिसळायचं. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि गनमधून ते धुक्यासारखं उडतं. नाकाला येतो तो थिनरचा वास. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत धोक्याची पातळी कधीच ओलांडलेली असते. म्हणजे "वास गेला, आता मास्क काढ" हा हिशेबच खोटा.

आमच्याकडे एक पोरगा आहे, चोवीस वर्षांचा. आधी दुसरीकडे तीन वर्षं रंग मारायचा. तिथला मालक म्हणायचा, रुमाल बांध नि मार. पोराचा हात एकदम साफ, रंगाचा एक ओघळ दिसायचा नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खोकला, छातीत शिट्टी. सुट्टीत बरं, कामावर गेला की परत तेच. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "काम काय करतोस?" दमा निघाला. एकदा शरीरानं हे धरलं की पुढं जराशा फवाऱ्यानंही झटका येतो. आता तो आमच्याकडे पत्रा ठोकतो, आणि गन चालू व्हायच्या आधी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. एवढा चांगला पेंटर. मला अजून राग येतो.

रुमाल आणि धुळीचा मास्क पुट्टी घासताना थोडेफार कामाचे. रंगापुढे दोन्ही बिनकामाचे. पाइपनं स्वच्छ हवा येते तो मास्क सगळ्यात चांगला, आणि त्या हवेलाही वेगळा फिल्टर लागतो. हातमोजे घाला, कारण कातडीवाटेही त्रास होतो. गन थांबली तरी लगेच मास्क काढू नका, धुकं बराच वेळ तरंगत राहतं.

आयटीआयला बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंग असे एक-एक वर्षाचे दोन ट्रेड आहेत, जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा. थेट गॅरेजात लागणार असाल, तर पगाराआधी विचारा, "रंगाचा मास्क कुठं टांगलाय?" मालकानं खिशातला रुमाल काढून दाखवला, तर पुढचं गॅरेज बघा.