पाऊस नाही, मग पाणी आले कुठून?
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपतीच्या मंडपात मासेमारीवर बोलायला उभे राहणे म्हणजे धाडसच. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी विचारले, "अहो, हा विषय चालेल ना?" ते म्हणाले, "काका, कोकणात काही घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात. आपण तर नुसते बोलणार आहोत." तेव्हा जबाबदारी त्यांची. काही चुकले तर त्यांना धरा.

आमचे घराणे या शहरात चौथ्या पिढीचे. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते. मासे मारण्याचा नाद मात्र मामांचा. रविवारी पहाटे सायकलच्या दांडीला गळाची काठी बांधून ते मला हिमायतसागरला घेऊन जात. तिथे मी जे शिकलो ते सगळे मरळीबद्दल. मृगाच्या दिवशी दम्याच्या औषधासाठी या शहरात मरळीच्या पिल्लांना केवढी मागणी असते ते आपण पाहतोच. मरळ चिवट. गढूळ, कोमट, साचलेल्या पाण्यातही ती जगते, कारण वर येऊन हवा घेते. तिच्यासाठी लागते ती बूड टेकून बसण्याची ताकद. पाण्याकडे फारसे पाहावे लागत नाही. तलावाचे पाणी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते.

बँकेच्या नोकरीत माझी चंदीगडला बदली झाली आणि एका मार्चमध्ये मी मामांची काठी घेऊन कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर गेलो. गुशैनी नावाचे गाव आहे, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, त्याच्याही वर बर्फ. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउट त्या थंडीत अंडी घालते. १ मार्चला हंगाम उघडतो. मत्स्य खात्याचा रोजचा परवाना घ्यायचा आणि पाण्यावर जायचे. ही ट्राउट तिथली मूळची नव्हे हेही सांगून टाकतो. इंग्रजांनी १९०० साली तिची अंडी काश्मीरला आणली आणि १९०९ मध्ये ती काश्मीरहून कुल्लूत आली. मूळ रहिवासी म्हणजे तिथले लोक जिला गुगली म्हणतात ती मासळी. म्हणजे आपल्यासारखेच ट्राउटचेही. बाहेरून आली आणि आता चौथ्या-पाचव्या पिढीची झाली.

पहिले तीन दिवस मला काही म्हणजे काही लागले नाही. चौथ्या दिवशी मी एक वाटाड्या बरोबर घेतला. त्याने माझी काठी पाहिली, बूट पाहिले आणि विचारले, "बाबूजी, पानी देखा?" मी म्हटले, समोरच तर आहे. तो हसला आणि मला अर्धा तास नुसता काठावर बसवून ठेवला.

त्या अर्ध्या तासात आणि पुढच्या पंचवीसेक वसंतांत जे शिकलो ते आज सांगतो.

पहाडी नदीला वसंतात घड्याळ असते. सूर्य वर आला की उंचावरच्या बर्फाला ऊन लागते आणि ते दुपारी जोरात वितळू लागते. ते पाणी लगेच आपल्यापर्यंत पोचत नाही. ओहोळातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत यायला त्याला काही तास लागतात. म्हणून खालच्या खोऱ्यात नदी संध्याकाळी आणि रात्री चढते आणि सकाळी सर्वांत उतरलेली, नितळ असते. आकाश निरभ्र आणि ऊन कडक असेल तर संध्याकाळचा चढ मोठा. ढगाळ, गार दिवशी नदी जवळजवळ तेवढीच राहते. आपण दख्खनचे लोक ढग पाहिले की नदीला पाणी येणार असे समजतो. तिथे वसंतात बहुतेक दिवशी उलटे असते. स्वच्छ निळे आकाश असले की पाणी वाढणार. याला अपवाद एकच, पण तो भयंकर. बर्फावर पाऊस पडला तर दोन्ही पाणी एकदम येते.

मी पाण्यात थर्मामीटर सोडायचो. मार्चच्या सकाळी सात-आठ अंश भरायचे. एवढ्या गारठ्यात ट्राउट सुस्त असते आणि आमिषाच्या मागे धावत नाही. तिच्या तोंडासमोरून, तळाजवळून, अगदी सावकाश आमिष जावे लागते. अकरा वाजता उन्हाने काठचे पाणी दोन अंश तापले की ती हलू लागते. पाणी दहा अंशांच्या पुढे गेले की तिची भूक उघडते. अकरा ते तीन ही वेळ चांगली. मी बापडा हिमायतसागरच्या सवयीने पहाटे पाचला जाऊन कुडकुडत होतो!

एकदा वाटाड्याने पाण्यातला एक गोटा उचलून उलटा केला. खाली काळपट अळ्या चिकटलेल्या होत्या. काही अळ्यांनी वाळूचे कण जोडून स्वतःभोवती बोटाच्या पेराएवढी नळी बांधली होती. तो म्हणाला, हे तिचे जेवण. कोणत्या रंगाची, केवढी अळी आज दगडाखाली आहे ते पाहायचे आणि गळाला तसलेच काही लावायचे. मी हैदराबादेहून गव्हाच्या कणकेत बडीशेप मळून नेली होती. ती आम्ही शेवटी गाईला घातली.

मासा बसतो कुठे, हे पाणी किती आहे त्यावर ठरते. पाणी कमी असताना तो धारेच्या कडेला, मोठ्या धोंड्याच्या पाठीशी असतो. तिथे त्याला प्रवाहाशी झुंजावे लागत नाही आणि शेजारून वाहत जाणारे अन्न तोंडाने टिपता येते. पाणी चढले, राखी-हिरवट झाले की मधली धार त्याला झेपत नाही. मग तो अगदी काठाशी, हातभर पाण्यात येतो. नवखा माणूस नेमका त्याच वेळी मासा दूर आहे असे समजून आत शिरतो. म्हणजे माशावरच पाय देतो आणि स्वतः धारेत जातो. मी हे दोन्ही केले आहे.

नदीचा भरवसा वाटत नसेल त्यांनी तळ्यावर जावे. कुमाऊँत भीमताल आहे, सुमारे १३७० मीटरवर. आपल्या तलावकाठच्या बैठकीची सवय तिथे उपयोगी पडते. हिवाळ्यात अशा तळ्याचे पाणी वरपासून खालपर्यंत एकजीव झालेले असते. मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर तापतो आणि हलका होऊन वरच राहतो. उथळ टोके आधी ऊबदार होतात आणि मासे तिकडे सरकतात. तिथे महाशीर आहे. महाशीर म्हटले की आपण हिमालयाकडे बोट दाखवतो, पण दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय नोंद १८३९ साली कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केली आणि तिथल्या लोकांच्या तोंडचे नाव लॅटिनात बसवून त्याला 'खुद्री' म्हटले. मराठी शब्द असे कुठेकुठे जाऊन बसतात! महाशीर लागला तर मी सोडून देतो. ट्राउट हॅचरीत वाढवता येते, पण मोठा महाशीर व्हायला फार वर्षे लागतात.

आता मी मूळ विषयाकडे येतो. इतका वेळ सांगितले ते नदीच्या स्वतःच्या घड्याळाचे. तीर्थनवर तेच चालते, कारण तिथल्या लोकांनी भांडून त्या नदीवर वीजप्रकल्प होऊ दिले नाहीत. शेजारच्या बहुतेक नद्यांवर प्रकल्प आहेत, आणि तिथे दुसरे घड्याळ चालते.

अशा प्रकल्पात बांध फार मोठा नसतो. नदीचे पाणी अडवून बोगद्याने काही किलोमीटर खाली वीजघराकडे नेतात. बांध आणि वीजघर यांच्यामधले पात्र त्यामुळे जवळजवळ कोरडे पडते. त्यात मोठे, पांढरे, सपाट धोंडे असतात आणि मधून घोट्याएवढी धार वाहते. फोटो काढायला याहून सुंदर जागा नाही. गळ टाकायलाही नाही. पण बांधामागचा साठा लहान असतो. कुठेतरी दूर, दिल्लीत किंवा पंजाबात, विजेची मागणी घटली की यंत्रे मंद करावी लागतात. वरून नदी तर येतच असते. बोगद्यात न गेलेल्या पाण्याला एकच वाट उरते. दरवाजे उघडतात आणि ते जुन्या पात्रात उतरते.

एका एप्रिलमध्ये अशाच एका बांधाखाली मी होतो. नदीचे नाव सांगत नाही. वेळ दुपारी चारची. मधल्या एका कातळावर उभा होतो आणि मासे असे लागत होते की काय सांगू, दोन हातांना फुरसत नव्हती. माझ्या वाटाड्याची एक सवय होती. कुठेही उभे राहण्याआधी तो पाण्याच्या कडेला एक पांढरा गोटा ठेवायचा, अर्धा ओला, अर्धा कोरडा. मी त्याला त्यावरून चिडवतही असे. तो काठावरून ओरडला, "बाबूजी, पत्थर डूब गया!" मी म्हटले, हा एक मासा घेतो आणि येतो. पुन्हा ओरडला तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला होते आणि त्याचा रंग बदलला होता. काठ पंधरा पावलांवर होता. ती पंधरा पावले मी कशी आलो ते मला आठवत नाही. कमरेइतक्या पाण्यात त्याने माझी कॉलर धरली एवढे आठवते. मागे वळून पाहिले तर कातळ नव्हता. मामांची काठी त्यावर होती, तीही गेली. भोंगा वाजला होता असे नंतर कोणी म्हणाले. मला तो ऐकू आला नाही. खळाळात उभे राहिल्यावर शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही.

घरी आल्यावर मी सांगितले की काठी रेल्वेत चोरीला गेली. आमच्या सौ. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. खरी गोष्ट त्या आज पहिल्यांदाच ऐकत आहेत. घरी गेल्यावर माझे काय होईल ते होवो.

नंतर ८ जून २०१४ ही तारीख आली. हैदराबादेत राहणाऱ्या कोणाला ती नव्याने सांगायला नको. आपल्या शहरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजची मुले मनालीच्या सहलीला निघाली होती. वाटेत मंडी जिल्ह्यात थलौटजवळ ती बियासच्या पात्रात फोटो काढायला उतरली. संध्याकाळी वर लारजी धरणातून पाणी सुटले. चोवीस मुले-मुली आणि सहलीबरोबरचा एक माणूस वाहून गेला. कितीतरी दिवस शोध चालला होता. पुढे प्रकरण हिमाचलच्या उच्च न्यायालयात गेले, नुकसानभरपाईचे आदेश झाले.

त्या आठवड्यात आमच्या शेजारच्या ताई घरी आल्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या कॉलेजात, त्याच वयाचा. त्यांना माहीत होते की मी दरवर्षी तिकडे जातो. त्यांनी विचारले, "काका, पाऊस नव्हता, ढग नव्हते, टीव्हीवर ऊन दिसतंय. मग पाणी आलं कुठून?"

मला उत्तर येत होते. दहा वर्षांपूर्वी कमरेइतक्या पाण्यात मला ते मिळाले होते. पण मी "काय सांगायचं, नदीच तशी" असे काहीतरी पुटपुटलो, कारण खरे सांगायचे तर काठीची गोष्ट सांगावी लागली असती, आणि सौ. चहा घेऊन येत होत्या.

ताई आज इथे आहेत. ताई, उत्तर असे. जूनमध्ये दुपारी वितळलेले बर्फ संध्याकाळी खाली पोचते, त्यामुळे नदी त्या वेळी भरात असते. त्या संध्याकाळी वीजनिर्मिती कमी करण्याच्या सूचना होत्या, म्हणून बोगद्यात जायचे पाणी पात्रात आले. दोन्ही घड्याळांची वेळ एकच झाली. त्या मुलांच्या डोक्यावर आकाश निळे होते, आणि आपल्याकडे शिकलेल्या माणसाला निळे आकाश म्हणजे निर्धास्तपणा वाटतो.

मंडळाची तरुण मुले येत्या मे महिन्यात मनालीला जाणार आहेत असे कळले. कार्यवाहांनी मला सोबत यायला सांगितले आहे. मी येतो, माझ्या अटी मात्र ऐकाव्या लागतील. वाटेत बस थांबली तर नदीचा फोटो रस्त्यावरून काढायचा. बांधाखालच्या पात्रात, ते कितीही कोरडे दिसले तरी, कोणी उतरायचे नाही, मीही नाही. तीर्थनवर एक दिवस मुक्काम करू. तिथे पाण्याजवळ जायचे ते सकाळी, आणि आधी प्रत्येकाने आपापला गोटा ठेवायचा. गोटा बुडाला की हातातले आहे तिथे टाकून वर यायचे. मोबाइल असला तरी.

काठ्या माझ्याकडे दोन आहेत. लोकरीचे मोजे ज्याचे त्याने आणावेत.

एक चिठ्ठी आली आहे, ट्राउट चवीला कशी असते, सुरमईसारखी का? नाही, सुरमईसारखी नाही. बाकी खाण्याचे प्रश्न अनंत चतुर्दशीनंतर घरी येऊन विचारा. तोवर सौ.चा रागही उतरलेला असेल.