गाडीचा रंग: धूळ, क्षार आणि मेण

धाराशिव जिल्ह्यात मोटारीच्या रंगाला सर्वाधिक त्रास होतो तो धुळीचा आणि विंधन विहिरीच्या पाण्याचा. बेसाल्ट खडकातून येणारे हे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि तापलेल्या बॉनेटवर ते वाळले की क्षारांचे पांढरे गोल डाग उरतात. म्हणून गाडी सावलीत, पत्रा निवल्यावर धुवावी आणि लगेच मऊ कापडाने टिपून घ्यावी. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सर्रास सवय मात्र सोडलेलीच बरी, कारण धुळीच्या कणांनी रंगावर बारीक ओरखडे पडतात.

पॉलिश आणि वॅक्स ही कामे मुळातच भिन्न आहेत. पॉलिशमधील सूक्ष्म कण रंगावरील पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, किंचित घासून ओरखडे सपाट करतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतका असल्याने वारंवार पॉलिश केल्यास तो झिजत जातो. वॅक्स याउलट भर घालते; ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांवरील मेणाचा पातळ थर रंगावर बसला की पाणी थेंब होऊन ओघळते.

तुळजापुरात दर्शनानंतर नव्या गाडीची पूजा झाली, की बॉनेटवरील हळद-कुंकू न घासता भरपूर पाण्याने त्याच दिवशी काढावे. चाकांवर ब्रेकमधून झडलेली लोखंडी भुकटी चिकटते, त्यामुळे त्यांच्यासाठी बादली आणि फडके वेगळेच ठेवावे.