प्रलंबित अर्जाची कैफियत



परदेशातील कायम वास्तव्याच्या परवान्याविषयी बोलण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. कारण मी कायदेपंडित नाही, अमेरिकेत माझे जाणे दोनच वेळा आणि तेही काही महिन्यांपुरते घडले, आणि ज्या अर्जाविषयी मी आज सांगणार आहे त्या अर्जाचा मी अर्जदारही नाही. माझा अधिकार असलाच तर तो निराळा आहे. १९६९ साली मी महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू झालो आणि २००६ साली नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. या सदतीस वर्षांत फेरफाराचे, वारसनोंदीचे, मोजणीचे आणि हद्दीच्या तंट्याचे जे असंख्य कागद माझ्या मेजावरून गेले, त्यांच्यामागे कचेरीसमोरच्या पारावर भाकरीचे फडके सोडून बसलेली माणसे होती, आणि ती माणसे मला रोज दिसत असूनही 'प्रलंबित' हा शेरा मी कागदाच्या समासात लिहीत राहिलो. तो शेरा कागदाइतकाच माणसावरही पडत असतो, ही गोष्ट मला माझ्या मुलाच्या अर्जाने दाखवली. आणि ती फार उशिरा दिसली, याची खंत मनात ठेवूनच मी आज आपल्यासमोर उभा आहे.

माझा मुलगा २००९ साली पत्नी आणि पावणेतीन वर्षांची कन्या यांना घेऊन न्यू जर्सीला गेला. नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळवण्याचा मार्ग तीन टप्प्यांचा आहे. या जागेसाठी योग्य असा स्थानिक माणूस मिळाला नाही, हे मालकाने प्रथम श्रमखात्याला पटवून द्यायचे. मग त्याच मालकाने या माणसासाठी दरखास्त दाखल करायची. आणि ती मंजूर झाल्यावर, आपली पाळी येईल तेव्हाच, अर्जदाराने स्वतःचा अर्ज करायचा. पहिला कागद ज्या दिवशी दाखल होतो तो दिवस अर्जदाराच्या नावापुढे कायमचा लागतो. आमची मुले त्याला 'प्रायॉरिटी डेट' म्हणतात आणि आपल्याकडे जन्मनक्षत्र विचारावे तशा सहजतेने ती एकमेकांना विचारतात. माझ्या मुलाची ही तारीख ११ डिसेंबर २०१४ आहे. दुसऱ्या टप्प्याची मंजुरी पुढल्याच वर्षी मिळाली, आणि तेव्हापासून तो पाळीची वाट पाहत आहे.

ही पाळी इतकी दूर का, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भूभागातील लोकांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसास नागरिकत्वास अपात्र ठरवले. आणि १९४६ साली जेव्हा दार किंचित उघडले तेव्हा साऱ्या हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाकाठी शंभर माणसे आली. माणसाची पारख त्याच्या वंशमुळावरून करण्याची ही जुनी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही केली. त्या सहीचे मोल मी कमी लेखत नाही. आज तिकडे मराठी शाळा आणि गणेशोत्सव दिसतात ते तिच्यामुळेच. परंतु प्रत्येक देशाला एक मर्यादा, ही कल्पना नव्या कायद्यातही राहिली. १९९० च्या दुरुस्तीने नोकरीच्या वर्गासाठी वर्षाला १,४०,००० परवाने ठरवले, त्यातच बायकामुलेही मोजली, आणि कोणत्याही एका देशाला सामान्यतः शेकडा सातांहून अधिक वाटा मिळू नये असा दंडक घातला. नोकरीच्या वर्गापुरता हा वाटा सुमारे ९,८०० होतो. आणि आइसलँडसारख्या चिमुकल्या बेटाला जी मर्यादा, तीच भारताला.

या दंडकामागे काहीच न्याय नाही, असे मी म्हणणार नाही. सरकारी वाटप ज्याने आयुष्यभर पाहिले आहे त्याला ठाऊक असते की मर्यादाच नसेल तर जो संख्येने मोठा तो सारे घेऊन जातो आणि लहान गावचा माणूस दारातच राहतो. माझा आक्षेप देश मोजण्याच्या रीतीला आहे. तेथे देश म्हणजे नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान. वडील नोकरीसाठी मस्कतला असताना ज्या मुलीचा जन्म तिथे झाला, ती पुढे कोल्हापुरात वाढली, तिची सारी कागदपत्रे भारतीय असली, तरी या हिशेबात ती ओमानची. आणि पती-पत्नीपैकी एकाच्या जन्मदेशाचा लाभ दुसऱ्याला घेता येतो, म्हणून तिच्याशी लग्न झालेला पुण्यात जन्मलेला मुलगाही भारताच्या लांब रांगेतून बाहेर पडू शकतो. असे एक दांपत्य माझ्या मुलाच्या शेजारी राहत होते. ते त्याच्यानंतर कैक वर्षांनी तेथे आले आणि त्याच्या आधी कायम झाले. त्यांच्याविषयी माझ्या मनात यत्किंचितही असूया नाही. परंतु बुद्धी, श्रम, शील यांपैकी कशानेही न मिळणारा आणि आईच्या बाळंतपणाच्या ठिकाणाने मिळणारा हा अग्रक्रम पाहून, जन्मावरून माणसाची जागा ठरवण्याचा आपल्याकडील पूर्वापार शिरस्ता मला आठवल्यावाचून राहिला नाही.

आता २०२२ सालची हकिगत सांगतो. तेथील परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन नावाचे पत्रक काढते आणि कोणत्या तारखेपूर्वीच्या अर्जदारांची पाळी आली ते त्यात छापते. महामारीत वकिलाती बंद राहिल्याने कुटुंबवर्गाचे परवाने शिल्लक पडले, ते कायद्याप्रमाणे पुढल्या वर्षी नोकरीच्या वर्गाकडे आले, त्या वर्षाचा साठा जवळजवळ दुप्पट झाला, आणि वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलाने चालणारी भारताची तारीख भराभर पुढे सरकू लागली. तिकडच्या उन्हाळ्यात ती १ डिसेंबर २०१४ वर येऊन ठेपली. मुलाच्या तारखेत आणि तिच्यात दहा दिवस उरले.

वकिलांनी कागद जमवण्यास सांगितले आणि ते काम माझ्याकडे आले. मुलाचा जन्म १९७८ सालचा, आजोळच्या गावचा. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदात, मी तीन दिवस शोध घेतला. नोंद सापडली, परंतु तिच्यात बापाचे नाव, तारीख आणि 'मुलगा' एवढाच मजकूर होता, कारण बारशाच्या आधी लिहिलेल्या नोंदीत नाव कोठून येणार, आणि पुढे ते घालून घ्यायला कुणी गेले नव्हते. सुनेची अडचण दुसरी होती. लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नवे नाव तिच्या पासपोर्टावर होते आणि जन्मदाखल्यावर माहेरचे; ही दोन नावे एकाच स्त्रीची आहेत हे परक्या देशातील अधिकाऱ्याला कशाने पटावे? दोन्हींसाठी प्रतिज्ञापत्रे करावी लागली. मुलाच्या जन्माची सर्वांत खरी साक्ष त्याच्या आईची झाली असती. पण ती आदल्याच वर्षी गेली होती.

तिच्या जाण्याविषयी आजवर मी जाहीरपणे बोललो नाही. मुलाला कामाचा परवाना होता, पण पासपोर्टावरील प्रवेशाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. देशाबाहेर पडले की परतण्यासाठी नवा शिक्का हवा, आणि त्यासाठी मुलाखतीची वेळ तेव्हा कित्येक महिने मिळत नव्हती. तो आला असता तर इथे अडकला असता आणि बायकामुले तिथे. तो आला नाही. अग्नी पुतण्याने दिला. मुलाने सारा विधी फोनच्या पडद्यावर पाहिला, आणि शेवटी मीच तो फोन बंद करायला सांगितला. त्याच्या न येण्यात कर्तव्याची कसूर होती असे ज्यांना वाटले, आणि आमच्या गावात असे बोलणारे निघाले, त्यांना मी एवढेच सांगेन की त्या रात्री कोणता निर्णय निघाला असता तरी तो चुकीचाच ठरला असता.

कागद पूर्ण झाले. सप्टेंबरात तारीख हलली नाही, तेव्हा ऑक्टोबरकडे आमचे डोळे लागले. ऑक्टोबरात सरकारी वर्ष नवे झाले, तो विशेष साठा संपला, आणि तारीख १ एप्रिल २०१२ छापून आली. दहा दिवस दूर असलेली पाळी एका पत्रकाने दोन वर्षे आठ महिने मागे गेली. रांग लांब असावी, हे मी समजू शकतो; रांगेतल्या माणसाला ती कधीकधी पोटाशी धरून सोसताही येते. पण आपल्यापुढील माणसे मोजत आलो आणि मोजलेली माणसे पुन्हा पुढे उभी राहिली, तर माणसाचा मोजण्यावरचाच विश्वास उडतो. २०२५ च्या वसंतात ती तारीख २०१३ च्या आरंभापाशी होती.

प्रतीक्षेतील लोकांनी तक्रार कशी केली याचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. २००७ च्या जुलैच्या पत्रकाने आधी नोकरीच्या वर्गातील जवळजवळ सर्वांची पाळी आल्याचे जाहीर केले आणि महिना लागताच ते मागे घेतले. लोकांनी रजा काढून वैद्यकीय तपासण्या केल्या होत्या, वकिलांना पैसे दिले होते. तेव्हा त्यांनी, बहुतेक भारतीयांनी, स्थलांतर खात्याच्या संचालकांकडे शेकडो पुष्पगुच्छ धाडले. आदल्या वर्षीच्या एका हिंदी चित्रपटाने 'गांधीगिरी' हा शब्द रूढ केला होता, तोच त्यांनी आचरणात आणला. संचालकांनी ती फुले वॉल्टर रीड येथील जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवली, आणि त्याच महिन्यात पहिला हुकूम पुन्हा कायम झाला. कायदा मात्र बदलला नाही. देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक २०१९ साली प्रतिनिधिगृहात प्रचंड बहुमताने संमत झाले, पुढल्या वर्षी सिनेटनेही आपला निराळा मसुदा मंजूर केला, पण दोहोंचा मेळ बसला नाही.

माझ्या सुनेने एम्‌.एस्सी. करून येथे चार वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले होते. तेथे २०१५ पर्यंत तिला कामाची मुभाच नव्हती; मुभा मिळाली तेव्हा तिचा विषय आणि ती यांच्यात सहा वर्षांचे अंतर पडले होते, आणि आज ती एका दुकानात हिशेब पाहते. धाकटा नातू तेथेच जन्मला, म्हणून १८६८ च्या घटनादुरुस्तीने जन्मतः नागरिक. थोरली नात मात्र साताऱ्याची. तिला साताऱ्यातले काही आठवत नाही, तरी २०२७ च्या डिसेंबरात तिला एकवीस वर्षे पूर्ण होतील आणि तोवर पाळी आली नाही तर आईबापांच्या अर्जातून तिचे नाव गळेल. मग विद्यार्थिनी म्हणून निराळा व्हिसा, किंवा ती ज्याला 'आजोबांचे गाव' म्हणते त्या देशात परत. मागच्या दिवाळीत तिने मला विचारले, "आबा, तुमच्या कचेरीत लोक थांबायचे, त्यांना तुम्ही काय सांगायचात?" मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात या, असं सांगायचो." ती काही बोलली नाही. पलीकडून तिच्या आईने तिला जेवायला हाक मारली.

दर महिन्याच्या मध्यास मुलगा फोन करतो आणि पत्रकातील तारीख सांगतो. कागदांची ती फाइल त्याच्या कपाटात तशीच आहे. वैद्यकीय दाखले पाळी आल्यावर नव्याने करावे लागतील, कोतवाल बुकाची नक्कल चालेल, आणि माझे प्रतिज्ञापत्रही चालेल, असे वकिलांनी कळवले आहे. त्यात माझे वय चौऱ्याहत्तर लिहिलेले आहे.