मोतीबिंदूच्या पलीकडे
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर अधिकारवाणीने बोलणे माझे काम नव्हे. हिशेब ठेवणे हे माझे काम. त्याच हिशेबातील एक त्रुटी आज आपणांपुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

आपल्या नेत्रशिबिरांत बहुतेक रुग्ण मोतीबिंदूसाठी येतात. काही वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध भगिनींची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली आणि अहवालात ती 'यशस्वी' म्हणून नोंदली गेली. परंतु पट्टी काढल्यानंतरही त्यांना नातवाचा चेहरा स्पष्ट दिसेना. नवे भिंग निर्दोष होते. मधुमेहाने आतील दृष्टिपटलाचीच हानी केली होती. त्यांच्या चिरंजीवांनी मला विचारले, "साहेब, आई दहा वर्षे साखरेच्या गोळ्या घेते. डोळेही तपासायचे असतात, हे आम्हांला कोणीच कसे सांगितले नाही?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हते.

हा अनुभव अपवादात्मक नाही. सन २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्के, म्हणजे साधारणतः सहांत एकाच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम आढळला, ३.६ टक्के व्यक्तींची दृष्टीच धोक्यात होती. हे प्रमाण समाजाचे आहे. दवाखान्यातील प्रमाण निराळे असू शकते, कारण तेथे प्रामुख्याने तक्रार असलेलाच माणूस येतो. ज्याला तक्रार नाही तो घरीच राहतो, आणि खरी चिंता त्याचीच आहे.

कारण हा विकार मूकपणे वाढतो. रक्तातील वाढलेल्या साखरेने दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल होतात, त्यांतून द्रव झिरपतो, पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. प्रारंभी वेदना नाही, अंधुकपणाही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेल्या तपासणीत मात्र तो दिसतो. वेळीच लेझर वा इंजेक्शनचे उपचार मिळाले, तर बहुतांश रुग्णांची दृष्टी वाचविता येते. गेलेली दृष्टी परत आणणे बहुधा शक्य होत नाही.

आता हिशेबाकडे वळतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्यास एकदाच करावी लागते. तिचा खर्च ठरलेला आणि फळ तत्काळ दिसणारे, म्हणून तिला देणगी मिळते. ही तपासणी वर्षातून एकदा, आयुष्यभर करावी लागते. तिच्यासाठी लागते ते गावापर्यंत जाणारे वाहन, दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणारा कॅमेरा, आणि न आलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन चौकशी करणारा कार्यकर्ता. या खर्चावर नावाची पाटी लागत नाही. तरीही देणगीदारांनी त्यास आपला हातभार लावावा, ही माझी नम्र विनंती आहे.

नातेवाइकांना एवढेच सांगणे की, घरातील मधुमेही व्यक्तीस दृष्टी उत्तम असली तरी दरवर्षी तपासणीस आणावे. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी यावे.

यापुढे अहवालात शस्त्रक्रियांच्या संख्येशेजारी, तपासणीस पुन्हा आलेल्या मधुमेही रुग्णांचा रकाना असेल. तो भरण्यास आपण सर्वांनी साहाय्य करावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.