दुकान मांडणारा कारागीर



गोंदियाने या संमेलनाचे अध्यक्षपद मला दिले, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळख धान आणि विडी यांनी होते. इथला मुद्रक विडीच्या बंडलाचे लेबल छापतो, लग्नपत्रिका छापतो, झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात छापतो आणि झाडीबोली या इथल्या बोलीतला कवितासंग्रहही छापतो. त्या मुद्रकाविषयी आज मला बोलायचे आहे, आणि त्यासाठी आधी दुकान मांडणाऱ्या दोन कारागिरांकडे पाहायचे आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये पिएर फ्रान्स्वा बासाँ नावाचा एक उत्कीर्णक होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारा हा माणूस पुढे छापील चित्रांचा मोठा व्यापारी झाला. रेम्ब्राँने स्वतः कोरलेले कितीतरी पत्रे त्याने विकत घेतले आणि त्यांवरून नव्याने ठसे काढले. रेघ कशी उठते हे हाताला ठाऊक असल्यामुळेच जुन्या पत्र्याचे मोल त्याला कळले. असा माणूस आपल्याकडेही झाला, आणि त्याचे माध्यम होते अक्षर.

जावजी दादाजी यांचा जन्म १८३९चा. घरची गरिबी, शाळा जेमतेम. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात छपाईचे खिळे घासायला लागले. पगार महिना दोन रुपये. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे घडवत होते. खिळा कसा जन्मतो ते पाहा. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच. पंच कडक करून तांब्यात ठोकायचा, की मातृका तयार. मातृकेवर साचा बसवून त्यात वितळलेला धातू ओतायचा, की खिळा. ओतलेल्या खिळ्याची कड घासून साफ करणे हे या साखळीतले शेवटचे आणि सर्वांत हलके समजले जाणारे काम. पण कोरताना आणि ओतताना राहिलेली प्रत्येक चूक याच कामात बोटांना कळते. जावजींचे शिक्षण तिथे झाले.

पुढे इतर छापखान्यांत नोकऱ्या करून १८६४मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली. पंच कोरणारे राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबतीला होते. १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. आरूंनी कोरायचे, जावजींनी ओतून विकायचे. एकाच्या नजरेला दुसऱ्याच्या धडाडीची जोड मिळाली. १८८१मध्ये निर्णयसागरातून विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मासिक मुलांच्या हाती आले. १८८६मध्ये पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला सुरू झाली. संस्कृतातली अवघड जोडाक्षरे, वर आणि खाली बसणाऱ्या मात्रा, हे सगळे त्या पानांवर स्वच्छ उभे राहिले. १८९२मध्ये जावजी गेले, तेव्हा निर्णयसागर हे नाव शुद्ध छपाईची खूण झाले होते.

या माणसाचे मला मोठेपण वाटते ते एका गोष्टीसाठी. गल्ल्यावर बसल्यावरही त्यांची बोटे खिळा विसरली नाहीत. एखादे जोडाक्षर नाही म्हणून जवळचे दुसरे चालवून घ्या, असे सांगणे व्यापाऱ्याला सोयीचे असते. निर्णयसागराने तो खिळा घडवला.

हे मी गोंदियात सांगतो, त्याला कारण आहे. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. इथला माणूस ‘पानी’ म्हणतो, ‘डोरा’ म्हणतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचे व्याकरण आणि शब्दधन मांडण्यासाठी आयुष्य वेचले. पण लेखकाचे हस्तलिखित अक्षरजुळणीला जाते, आणि तिथे कुणीतरी सद्भावनेने ‘पानी’चे ‘पाणी’ करतो, ‘डोरा’चा ‘डोळा’ करतो. पान शुद्ध दिसते आणि बोली मरते. मुद्रिते तपासताना असे दुरुस्त झालेले शब्द पुन्हा मूळपदी आणायला मी कित्येक रात्री घालवल्या आहेत. त्या प्रत्येक रात्री मला जावजींची आठवण आली.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. झाडीबोलीचे पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येक मुद्रकाने ती बोली घरात बोलणारा एक मुद्रितशोधक जवळ ठेवावा आणि त्याला त्याचा मोबदला द्यावा. आणि प्रत्येक प्रकाशकाने महिन्यातून एक दिवस तरी स्वतः मुद्रिते वाचायला बसावे. ‘न’ जिथे ‘न’ म्हणूनच उभा राहायला हवा, ती जागा त्याला स्वतःला ओळखता आली पाहिजे.

या मातीतल्या आजीने उच्चारलेला शब्द नातवाला पुस्तकात जसाच्या तसा सापडावा, एवढे आपण सगळ्यांनी मिळून करू या.